बिनतारी लहरींवरून गृहांतर्गत स्थाननिश्चिती : काँग्रेस रेडिओचे प्रकरण (१९४२) व त्यानंतर

मुंबई बंदराच्या आग्नेय अंगास, धरमतर खाडीच्या मुखाशी, करंजा हे कोळ्यांचे गाव आहे. जुन्या कागदपत्रांत सबंध उरण बेटासच करंजा बेट म्हटलेले आढळते. हा टापू पनवेल तालुक्यासह १८८३ साली ठाणे जिल्ह्यातून काढून कुलाबा जिल्ह्यास जोडण्यात आला. गावावर द्रोणागिरीचा डोंगर उभा आहे. समुद्रातील एखादी जागा पुन्हा सापडावी म्हणून किनाऱ्यावरील दोन खुणा एका रेषेत धरावयाच्या, दुसऱ्या अंगास आणखी दोन धरावयाच्या, आणि या दोन रेषा जेथे एकमेकींस छेदतील ती आपली जागा मानावयाची, ही रीत किनाऱ्यावरच्या नाखव्यांना भूमिती न शिकताच अवगत होती. धुक्यात डोंगर दिसेनासा झाला म्हणजे जुने खलाशी दुसरा मार्ग धरीत. दोरीस बांधलेल्या शिशाच्या तळास चरबी लावून ते पाण्यात सोडीत, आणि चरबीस वाळू लागली, चिखल लागला की शिंपले, यावरून तळ ओळखीत. येथे रेषा नाही, कोन नाही. केवळ पूर्वीची ओळख आहे.

दिशेवरून शोधणे आणि ओळखीवरून शोधणे या दोन पद्धतींतील भेद प्रस्तुत विवेचनाच्या मुळाशी आहे. घराच्या आत असलेला माणूस बिनतारी लहरींवरून हुडकून काढण्याचा प्रश्न अलीकडच्या संगणकयुगात जन्मास आला, असा समज आपल्या विद्यार्थ्यांत रूढ आहे. तो बरोबर नाही. करंजाच्या समोर, खाडीपलीकडच्या मुंबई शहरात, हा प्रश्न १९४२ सालीच अत्यंत निकडीच्या स्वरूपात उभा राहिला होता, आणि शोधणारे सरकारी पोलीस होते.

ऑगस्ट १९४२ च्या ठरावानंतर काँग्रेसचे पुढारी तुरुंगात गेले व वृत्तपत्रांवर निर्बंध आले. अशा वेळी उषा मेहता, बाबूभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी इत्यादी तरुणांनी गुप्त नभोवाणी केंद्र उभारले. राममनोहर लोहियांचे त्यांस मार्गदर्शन होते. २७ ऑगस्ट १९४२ रोजी ४२.३४ मीटर तरंगलांबीवर हे केंद्र बोलू लागले, आणि आपण भारतात कोठून तरी बोलत आहो, एवढाच पत्ता त्याने श्रोत्यांस दिला. हे 'कोठून तरी' शासनाच्या दृष्टीने किती असह्य होते याची कल्पना करण्यासाठी त्या वेळचा कायदा ध्यानात घ्यावा. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्यान्वये परवान्यावाचून बिनतारी यंत्र नुसते बाळगणे हाही अपराध होता, आणि युद्ध सुरू होताच हौशी प्रक्षेपकांचे परवानेही स्थगित झाले होते. म्हणजे शहरातून निघणारी प्रत्येक अनधिकृत लहर हा स्वतःच एक पुरावा होता.

पोलीस ही ध्वनिक्षेपणे ऐकून त्यांचा मजकूर टिपून ठेवीत. पुढे खटल्यात तोच मजकूर पुरावा म्हणून पुढे आला. केंद्र चालविणारेही गाफील नव्हते. दिशाशोधक गाडीच्या भयाने ते जागा बदलीत राहिले. चौपाटी, लॅबर्नम रोड, सँडहर्स्ट रोड, महालक्ष्मी, गिरगाव असा या यंत्राचा प्रवास झाला.

येथे थोडे पदार्थविज्ञान सांगणे अवश्य आहे, कारण इतिहासलेखकांनी या बाजूकडे फारसे लक्ष दिलेले नाही. तत्कालीन दिशाशोधकाचे मुख्य अंग म्हणजे तारेची वेटोळी असलेली चौकट. ती फिरविताना एका विशिष्ट स्थितीत आवाज क्षीण होतो. त्यावरून लहरीची दिशा कळते. दोन-तीन ठिकाणांहून अशा दिशा घेऊन नकाशावर रेषा ओढल्या, म्हणजे त्यांच्या छेदापाशी प्रक्षेपक असावा. करंजाच्या नाखव्याचीच ही रीत! तथापि समुद्रावर दृष्टी सरळ जाते, तशी लहर शहरात सरळ जात नाही. इमारतींतील लोखंडी तुळया, पाण्याचे नळ व विजेच्या तारा लहर ग्रहण करून पुन्हा फेकतात, आणि दिशा वाकडी होते. शिवाय सुमारे ४२ मीटर लांबीच्या लहरीच्या बाबतीत प्रक्षेपकापासून सहा-सात मीटरांच्या आत गेले, की तरंगाचे साधे नियम लागू पडत नाहीत व दिशेची कल्पनाच ढिली होते. सहा-सात मीटर म्हणजे गिरगावातील चाळीच्या दोन खोल्या. सारांश, दिशाशोधक गाडी मोहल्ल्यापर्यंत आणील, कदाचित गल्लीपर्यंत. कोणता मजला व कोणते दार हे सांगणे तिच्या आवाक्याबाहेरचे होते.

प्रत्यक्षातही तसेच घडले. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी गिरगावातील पारेखवाडीच्या इमारतीत ध्वनिक्षेपण चालू असतानाच पोलीस आत शिरले व उषा मेहता आणि चंद्रकांत झवेरी पकडले गेले. दार दाखविले ते यंत्राने नव्हे. केंद्राचा एक तंत्रज्ञ आधी पोलिसांच्या हाती लागला होता. जागा त्याच्याकडून कळली. पहिल्या ध्वनिक्षेपणापासून हा अठ्ठ्याहत्तरावा दिवस होता. खटल्यात बाबूभाई खाकर यांस पाच वर्षांची, उषा मेहता यांस चार वर्षांची व चंद्रकांत झवेरी यांस एक वर्षाची शिक्षा झाली. विठ्ठलदास झवेरी व शिकागो रेडिओचे नानक मोटवानी सुटले. उषाताई १९४६ मध्ये येरवड्याहून मुक्त झाल्या व पुढे मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्राच्या प्राध्यापिका झाल्या.

फितुरीची ही हकीकत सांगताना तंत्रज्ञास दोष देऊन थांबण्याची प्रथा आहे. माझ्या मते त्यात एक महत्त्वाची गोष्ट नजरेआड होते. त्या काळच्या शास्त्राला घराच्या आत पाहता येत नव्हते, म्हणूनच फितुरीला एवढी किंमत आली.

या मर्यादेवरचा तोडगा अर्धशतकानंतर निघाला, आणि तो दुसऱ्या मार्गाने, म्हणजे चरबी लावलेल्या शिशाच्या मार्गाने. उपग्रहांवर आधारलेली स्थाननिश्चिती तोवर प्रचारात आली होती. पण उपग्रहाची लहर जमिनीवर पोहोचेतो इतकी दुर्बल होते की छपराखाली तिचा उपयोग नाही. २००० साली परमवीर बहल व वेंकट पद्मनाभन यांनी अमेरिकेतील मायक्रोसॉफ्टच्या संशोधनशाळेत केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. मजला ४३.५ मीटर लांब व २२.५ मीटर रुंद, खोल्या पन्नासाहून अधिक, बिनतारी जालाची स्थानके अवघी तीन. त्यांनी दिशा मोजली नाहीच. मजल्यावरील ७० ठिकाणी उभे राहून तीनही स्थानकांचा जोर किती येतो याची नोंदवही केली; मग अज्ञात ठिकाणाचा जोर वहीतील नोंदींशी ताडून पाहिला. निम्म्या वेळी चूक तीन मीटरांच्या आत राहिली. ज्या भिंती व तुळया १९४२ च्या दिशाशोधकाला फसवीत होत्या, त्याच येथे साहाय्यक ठरल्या. कारण त्यांच्यामुळेच प्रत्येक कोपऱ्याला स्वतःची अशी खूण प्राप्त होते. केवळ सूत्राने अंतर काढून पाहिले तेव्हा चूक चार मीटरांहून अधिक झाली, ही गोष्ट या संदर्भात बोलकी आहे. आणखी एक गंमत अशी, की माणसाचे तोंड कोणीकडे आहे यावरही नोंद बदलते. शरीरात पाणी पुष्कळ, आणि सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीची ही लहर ते शोषून घेते. म्हणून प्रत्येक ठिकाणी चारही दिशांना तोंड करून नोंदी घ्याव्या लागल्या.

भारतात ही तरंगपट्टी २००५ साली परवानामुक्त झाली. ज्या देशात एक यंत्र बाळगल्याबद्दल तुरुंग होता, तेथे घरोघरी प्रक्षेपक आले. आता अडचण उरली ती नोंदवहीची : प्रत्येक इमारतीत कोपरान् कोपरा हिंडून ती करावयाची कोणी, आणि कपाट हलविले की पुन्हा करावयाची कोणी? या प्रश्नावर २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट संशोधनशाळेबरोबर आपल्या पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचाही वाटा होता. अंशुल राय, कृष्णा चिंतलपुडी, पद्मनाभन व रिजुरेखा सेन हे त्याचे लेखक. त्यांची युक्ती अशी : माणूस खिशात दूरध्वनी घेऊन चालतो; त्यातील उपकरण पावले मोजते व चुंबकसूची दिशा दाखविते. आरंभी तो कोठे आहे हे ठाऊक नसते. पण माणूस भिंतीतून जाऊ शकत नाही. तो वळणे घेत चालत राहिला, की इमारतीच्या नकाशावरील अशक्य मार्ग एकेक करून गळतात आणि अखेर एकच उरतो. वाटेत टिपलेला लहरींचा जोर त्या मार्गावर मागाहून बसविता येतो, व नोंदवही आपोआप तयार होते.

पारेखवाडीचे दार दाखविण्यास एक जाणता माणूस धरून आणावा लागला होता. येथे ते काम इमारतीतून ये-जा करणारा प्रत्येक जण नकळत करीत असतो.