‘हाना’ : एका अक्षराचें चरित्र

जपानी पाठशाळेंत पहिल्याच वर्षीं मुलें जीं चिनी चित्राक्षरें गिरवितात, त्यांत फुलाचें अक्षर आहे. त्याच्या रेघा अवघ्या सात. वर तृणाची खूण, आणि खालीं ‘पालटणें’ या अर्थाचें चिन्ह. हें खालचें चिन्ह मुख्यतः उच्चार दाखविण्याकरितां योजिलेलें आहे, असें भाषाशास्त्र सांगतें. तरी ‘पालटणारें तृण तें फूल’ असा अर्थ वाचण्याचा मोह शिकणारास आवरत नाहीं. जपान्यांनीं अक्षर चीनकडून घेतलें, पण त्यास नांव आपलें ‘हाना’ हेंच ठेविलें; चिनी उच्चाराचा अवशेष ‘का’ हा जोडशब्दांत राहिला.

फुलाचें दुसरें एक जुनें, अधिक रेघांचें अक्षर आहे. अवतंसकसूत्राचें ‘केगोन’ हें जपानी नांव त्यानेंच लिहितात. याच पंथाच्या नारा येथील तोदाइजी मंदिरांत इ. स. 752 मध्यें महाबुद्धाचा नेत्रोन्मीलनविधि झाला, तो बोधिसेन या भारतीय भिक्षूच्या हस्तें, हें आम्हां भारतीयांस विसरतां येत नाहीं.

आठव्या शतकांतील ‘मान्योशू’ या काव्यसंग्रहांत चीनहून आलेल्या ‘उमे’ वृक्षाचा बहर ‘साकुरा’हून अधिक वेळां वर्णिला आहे. पुढें 894 मध्यें चीनकडे दूतमंडळ धाडण्याचा बेत सोडून देण्यांत आला, आणि स्वदेशी अभिरुचीस जोर चढला. इ. स. 905 च्या सुमाराच्या ‘कोकिन्शू’च्या काळापासून नुसतें ‘हाना’ म्हटलें कीं साकुराच समजावा, असा संकेत रूढ होत गेला. पंधराव्या शतकाच्या आरंभीं नो नाट्याचा आचार्य झेआमी यानें तर नटाच्या कलेंतील मोहिनीसच ‘हाना’ म्हटलें.

अल्पकाळ फुलून गळणें हा साकुराचा धर्म. कवींनीं त्यांत अनित्यता पाहिली. आधुनिक लष्करशाहीनें त्यांत आज्ञाधारक मरण पाहिलें. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1945 मध्यें, स्फोटकांनीं भरलेलें आणि वैमानिकास परतीची वाट न ठेवणारें एक यान युद्धांत उतरलें. त्याचें नांव ‘ओका’, म्हणजे साकुराचें फूल. आणि त्या नांवांतील दुसरें अक्षर हेंच!

अक्षराचा यांत दोष नाहीं. परंतु सुंदर शब्द सत्तेच्या हातीं गेला म्हणजे त्याचें काय होतें, हें या सात रेघांवरून शिकण्यासारखें आहे. जपानी बालकें आजही तें अक्षर गिरवितात, आणि त्यांच्या पुढें तें पुन्हा केवळ फूल असतें. तें तसेंच राहावें, ही जबाबदारी मात्र वडीलधाऱ्यांची, असें आम्हांस वाटतें.