लाइनमनची कात्री आणि दात घासायचा ब्रश

१४ मे १९७३ रोजी अमेरिकेने स्कायलॅब हे आपलं पहिलं अंतराळस्थानक सोडलं. उड्डाणानंतर जेमतेम ६३ सेकंदांनी त्याची बाहेरची संरक्षक ढाल उखडली. त्या पडझडीत वीज पुरवणाऱ्या दोन सौर पंखांपैकी एक गेलाच. दुसरा वाचला, पण ढालीची ॲल्युमिनियमची एक अरुंद पट्टी त्याच्यावर अशी आवळून बसली की तो उघडेना.

ती कापायची कशाने? अवकाशासाठी असं हत्यार कुणी केलेलंच नव्हतं. ते सापडलं मिसूरी राज्यातल्या ए. बी. चान्स कंपनीकडे. वीज आणि टेलिफोनच्या तारांवर काम करणाऱ्या लाइनमनसाठी ही कंपनी अवजारं बनवायची. लांब दांड्याला कात्री बसवायची, जबडा नेमक्या जागी अडकवायचा आणि दोरी ओढायची, एवढंच तंत्र. ते हत्यार बरोबर घेऊन पहिले अंतराळवीर २५ मे रोजी निघाले. हंट्सव्हिलच्या पाण्याच्या मोठ्या टाकीत अंतराळवीर रस्टी श्वायकार्ट यांनी दुरुस्तीची तालीम करून पाहिली आणि कामाचा क्रम वर कळवला गेला.

७ जूनला या पहिल्या तुकडीतले पीट कॉनराड आणि जो केर्विन स्थानकाबाहेर पडले. दांड्याचे तुकडे जोडून त्यांनी २५ फूट लांबी गाठली, पण पट्टीच्या तोंडाशी कात्री स्थिरच होईना. केर्विन यांचे दोन्ही हात दांड्याला. शरीर धरायला काही नाही. वजनरहित अवस्थेत दांडा एका बाजूला रेटला की माणूस दुसऱ्या बाजूला वळतो. अखेर जवळच एक कडी त्यांच्या नजरेस पडली. त्यांनी आपली सुरक्षा-दोरी तिच्यातून ओवून दुहेरी केली, आखूड केली आणि पाय रोवले. आता जबडा पट्टीवर बसला. पट्टी तुटली, तरी गारठलेला पंख जागचा हलला नाही. मग दोघांनी त्याला बांधलेल्या दोरीखाली शिरून पाठीने जोर लावला आणि पंख सुटला. स्कायलॅब वाचलं ते या दुपदरी दोरीमुळे, असं म्हणायला काहीच हरकत नाही. कात्री उत्तमच होती. पण धरणाऱ्याला आधार मिळाल्याशिवाय तिचा उपयोग शून्य.

अशा ऐनवेळच्या दुरुस्तीचं आणखी एक उदाहरण. एप्रिल १९८५मध्ये डिस्कव्हरी यानातून सोडलेला एक दळणवळण उपग्रह चालूच झाला नाही. त्याच्या कडेची कळ नीट उघडली नसावी, असा अंदाज होता. यानातल्या मंडळींनी प्लॅस्टिकची पुस्तक-वेष्टणं आणि चिकटपट्टी वापरून माश्या मारायच्या जाळीसारखं एक साधन बनवलं. ते यानाच्या यांत्रिक हाताच्या टोकाला बांधलं गेलं आणि मूळच्या सर्जन असलेल्या रिया सेडन यांनी त्या हाताने कळ हिसकलीही. उपग्रह मात्र निपचितच राहिला, कारण दोष कळीत नव्हताच. असे प्रयत्नही आवर्जून नोंदवायला हवेत: साधनाने आपलं काम चोख केलं होतं, निदान चुकलं होतं.

हबल दुर्बिणीची गोष्ट याच्या उलटी. २००४ साली बंद पडलेला तिचा एक वर्णपटमापक खोलायचा, तर झाकणाचे १११ बारीक स्क्रू काढायचे होते, तेही जाडजूड हातमोजे घालून. एखादा निसटून आत गेला असता तर दुर्बीणच धोक्यात. म्हणून गोडार्ड केंद्रातल्या अभियंत्यांनी बारीक भोकांची एक पट्टिका घडवली. ती आधी झाकणावर बसवायची; भोकातून पाना आत जातो, सुटलेला स्क्रू मात्र मागेच अडकतो. १७ मे २००९ रोजी अंतराळवीर माइक मॅसिमिनो कामाला लागले आणि घोडं अडलं ते वाटेत येणाऱ्या साध्या कठड्याच्या एका मोठ्या स्क्रूवर. त्याची खाच झिजली, पाना नुसता फिरू लागला. गोडार्डमध्ये तशाच कठड्यावर घाईघाईने चाचणी झाली: सुमारे २७ किलोचा जोर लावला तर तो तुटेल. तुकडे उडू नयेत म्हणून मॅसिमिनो यांनी चिकटपट्टी लावली आणि कठडा हाताने उपटून काढला. मग १११ स्क्रू निघाले, नवं कार्ड बसलं आणि उपकरण पुन्हा चालू झालं.

भारतीय वाचकांच्या ओळखीच्या सुनीता विल्यम्स यांच्यावरही अशीच वेळ आली. ३० ऑगस्ट २०१२ रोजी त्या आणि जपानचे अकिहिको होशिदे आंतरराष्ट्रीय स्थानकावरची सुमारे १०० किलोची वीजवितरण-पेटी बदलायला गेले होते. या पेटीवर आठपैकी दोन सौर वाहिन्या अवलंबून. आठ तासांहून अधिक राबूनही एक बोल्ट आत जाईना. भोकात धातूचा कीस साचला होता आणि तिथे बोट शिरण्याचीही सोय नव्हती. पेटी दोरीने बांधून दोघे परतले.

पुढच्या काही दिवसांत ह्यूस्टनच्या पथकाने उपाय शोधला तो स्थानकावर काय काय पडून आहे हे पाहून. तिथे जे नाही, ते वापरायचा प्रश्नच नव्हता. एका केबलचं टोक सोलून आतल्या तारा पिंजारल्या, की कीस खरवडायचा ब्रश तयार. दात घासायचा जादा ब्रश धातूच्या दांड्याला बांधला, की आट्यांना वंगण लावायची सोय. जोडीला नायट्रोजनचा डबा, फुंकर मारायला. ५ सप्टेंबरला दोघांनी भोक साफ केलं, वंगण लावलं आणि होशिदे यांनी बोल्ट पार आत घातला. वीज पूर्ववत झाली. त्याच दिवशी विल्यम्स यांचे अंतराळातले बाहेरच्या कामाचे एकूण तास ४४च्या वर गेले. तोवर कोणत्याही स्त्रीने एवढे तास बाहेर काम केलेलं नव्हतं.