माती बळ उसनं देते

13 एप्रिल 1700, सातारचा किल्ला

तुम्ही तटावर उभे आहात. धोंडे लोटून लोटून हाताला फोड आले आहेत. डिसेंबरपासून खाली मोगलांची छावणी पसरली आहे. उत्तरेला करंज्याजवळ खुद्द औरंगजेबाचा डेरा, दुसऱ्या अंगाला शहापूरकडे शहजादा आझमचे मोर्चे. तोफांनी तट पडत नाही म्हटल्यावर त्यांनी खालून सुरुंग खणायला घेतले. रात्री जमिनीला कान लावला, की आतून पहारीचा आवाज येतो.

महिन्यापूर्वी खाली नगारे वाजले होते. सिंहगडावर 2 मार्चला राजाराम महाराज वारले, त्या बातमीचा तो आनंद. आता मराठ्यांकडे उरलं काय? एक पंचविशीतली विधवा आणि तिचा चार वर्षंही पुरी न झालेला मुलगा. बादशहाच्या लेखी मोहीम संपल्यातच जमा आहे.

सकाळी पहिला सुरुंग उडतो. बुरुजासह तुमच्या बाजूची माणसं हवेत फेकली जातात. किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखाली गाडले जातात आणि जिवंत बाहेर निघतात. पाठोपाठ दुसरा सुरुंग उडतो, पण त्याने फुटलेला तट बाहेरच्या अंगाला, चढायला सज्ज असलेल्या मोगलांवरच कोसळतो. सुमारे दोन हजार माणसं त्यांच्याच सुरुंगाने मरतात. तुमच्या शेजारचा मावळा थुंकून म्हणतो, "डोंगुर आपला हाय, गड्या. त्येला बी कळतंय कुणाच्या अंगावर पडायचं."

आठवडाभरात किल्ला तरीही पडतो. 21 एप्रिलला तुम्ही मोकळ्या हातांनी खाली उतरता. बादशहा किल्ल्याला नाव देतो आझमतारा.

त्याच वर्षीचा पावसाळा, कृष्णेचं खोरं

आता तुम्ही जासूद आहात. पागोट्याच्या घडीत पत्र आहे, ते जिथे पोचवायचं ते ठिकाण तोंडपाठ आहे. पत्र त्याच पंचविशीतल्या विधवेचं: ताराराणीचं. तळबीडच्या मोहित्यांची ही लेक. तळबीड म्हणजे कऱ्हाडजवळ, वसंतगडाच्या पायथ्याचं गाव. तिचे वडील सरसेनापती हंबीरराव 1687 मध्ये वाईच्या लढाईत तोफेचा गोळा लागून पडले. ज्या खोऱ्यातून तुम्ही धावता आहात, ते तिचं माहेर आहे.

जूनमध्ये परळी, म्हणजे सज्जनगडही मोगलांनी घेतला आणि बादशहा भूषणगडाकडे निघाला. नकाशावर हे अंतर फार नाही. पण आषाढ लागला आहे. काळ्या रानात उंटाचा पाय पडला की गुडघ्यापर्यंत आत जातो आणि उंट बसला की पुन्हा उठत नाही. बैल मेले, तोफांचे गाडे अडकले, नद्यांना उतार उरला नाही. दिल्लीच्या मालकाला भूषणगड गाठायला महिना लागतो.

तुम्हाला मात्र चिखल अडवत नाही, कारण तुम्ही बांधाबांधाने जाता. अंधार पडताना एका घराच्या सोप्यात शिरता. म्हातारी चुलीपाशी बसली आहे. ती नाव विचारत नाही. भाकरी, ठेचा आणि चुलीजवळ उबेला जागा देते आणि म्हणते, "खाऊन घे लेकरा. फुडं नदीला लई पानी हाय. म्हसोबाच्या दगडापासनं खाली जाऊ नगंस, वरल्या अंगाला उतार गावंल. आन् कुठनं आलास ते मला सांगू नगंस, म्हंजी मला बी कुनाला सांगाया नगं."

ताराराणीची जादू म्हणतात ती हीच. मोगलांची माणसं तिला देवीचा अवतार समजत की नाही, ते सोडा. तिच्याकडे असलेली हत्यारं तुम्ही आज डोळ्यांनी पाहिलीत: पाऊस, काळी माती, डोंगर आणि कुणाच्या कानावर काही न घालणारी म्हातारी. ती किल्ला लढवते, पावसाळा तोंडावर येईपर्यंत शत्रूला गुंतवते, मग चांगली किंमत घेऊन किल्ला सोडते. त्या वेळात तिच्या फौजा बादशहाच्या पाठीमागे माळव्यात, गुजरातेत, वऱ्हाडात शिरतात आणि तिथे चौथाई वसूल करायला स्वतःचे कमाविसदार बसवतात. मोगलांचा बखरकार खाफीखान तिच्याबद्दल प्रेमाने लिहिणारा नव्हे, पण तिची हुशारी, कारभार आणि फौजेवरची पकड त्यालाही कबूल करावी लागते.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला माण नदीकाठी खवासपूरला छावणी पडलेली असताना मध्यरात्री लोंढा येतो. आरडाओरडा ऐकून बादशहाला वाटतं, मराठे आले. तो घाईने उठतो, पडतो आणि त्याचा गुडघा निखळतो. पुढे आयुष्यभर तो लंगडत चालला. त्या रात्री मराठ्यांनी एक गोळीही झाडलेली नव्हती.

काही वर्षांनी, पुन्हा त्याच किल्ल्याची वाट

मोगलांची एक शिबंदी आझमताऱ्यावर पहाऱ्याला निघाली आहे. वाटेत एक बैरागी तिला मिळतो. गाणी म्हणतो, गोष्टी सांगतो, भिक्षा मागतो. शिपाई खूश होतात. गडावर करमणूक काय असते? ते त्याला बरोबर घेऊन जातात. तुम्ही त्याचे टाळकरी म्हणून मागे चालता.

हा बैरागी म्हणजे जिंजीच्या कैदेतून निसटलेले अण्णाजीपंत. इतिहासकार ग्रँट डफने ही हकिगत लिहून ठेवली आहे. पंत गडावर राहतात, पहारे कधी बदलतात ते बघतात, कुठला कडा उघडा आहे ते हेरतात. एके रात्री मावळे वर येतात आणि सकाळी किल्ल्यावरचं निशाण बदललेलं असतं. बाहेरून ही सगळी जुळवाजुळव करणारे परशुराम त्रिंबक. ताराराणीने त्यांना प्रतिनिधी केलं आहे. त्यांचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागेल.

1707 मध्ये औरंगजेब अहमदनगरला मरतो. दख्खनेत काढलेल्या पंचवीस वर्षांपैकी शेवटची सात वर्षं त्याने एका बाईशी झुंजण्यात घालवली आणि हाती काही लागलं नाही.

गोष्ट इथे थांबवली तर छान वाटतं. बहुतेक पोवाडे, नाटकं इथेच थांबतात. तुम्ही मात्र पुढे चला.

नोव्हेंबर 1750, सातारा शहर

तुम्ही किल्ल्याच्या पायथ्याशी, एका वाड्याच्या ओट्यावर आहात. वरून तोफ धडाडते. गोळा शहरात येतो. आधी कुणालाच कळत नाही. मग ओरड होते: "आईसाहेबांनी महाराजांना गडावर धरून ठेवलंय!"

मधल्या त्रेचाळीस वर्षांत पुष्कळ झालं. मोगलांच्या कैदेतून संभाजीराजांचा मुलगा शाहू सुटून आला. ज्या सरदारांनी ताराराणीसाठी रक्त सांडलं, त्यांतले पुष्कळ शाहूकडे गेले. खेडच्या लढाईत धनाजी जाधवही तिचा राहिला नाही. 12 जानेवारी 1708 ला शाहूला साताऱ्यात राज्याभिषेक झाला, तिने कोल्हापूरची गादी उभी केली. 1714 मध्ये सवत राजसबाईने तिला पन्हाळ्यावर कैदेत टाकलं. पुढे ती साताऱ्यात शाहूच्या नजरेखाली राहायला आली. 1749 मध्ये शाहू वारला. गादीवर रामराजा बसला, तो तिनेच आपला नातू म्हणून पुढे आणलेला. पेशव्याचं ऐकतो म्हणून आता तिनेच त्याला कैद केलं आहे. पंचाहत्तरीची बाई तोफा डागायला सांगते आहे, आणि त्या तोफांची तोंडं सातारकरांच्या घरांकडे आहेत.

जासूद होऊन तुम्ही पुन्हा खोऱ्यातून धावून पाहा. म्हातारी दार उघडते का? गावं उठतात का? गुजरातेतून दमाजी गायकवाड तिच्या मदतीला येतो, साताऱ्याजवळ पेशव्याच्या हाती सापडतो. गावं आपापल्या पेरण्यांत असतात. सप्टेंबर 1752 मध्ये जेजुरीला, खंडोबासमोर, ती पेशव्याशी समेट करते आणि रामराजा आपला नातू नव्हे अशी शपथ घेते.

तीच बाई, तोच किल्ला, तीच तडफ. तरी बळ गेलं. 1700 मध्ये ती ज्यासाठी लढत होती, ते म्हातारीच्या चुलीपर्यंत पोचत होतं. 1750 मध्ये भांडण गादीचं होतं आणि गादी कुणाची, याने चुलीला काही फरक पडत नव्हता. मातीने दिलेलं बळ उसनवार असतं. ते ज्या कामाला दिलं त्याच कामाला चालतं.

डिसेंबर 1761, संगम माहुली

कृष्णा आणि वेण्णा जिथे मिळतात, तिथल्या वाळूत तुम्ही उभे आहात. ताराराणीच्या चितेवर सहा दशकांचं राजकारण जळतं आहे. शहाऐंशी वर्षांची ही बाई शिवछत्रपतींची सून. तिने संभाजीराजे, राजाराम, औरंगजेब, शाहू, बाजीराव आणि नानासाहेब पेशवे, सगळ्यांच्या मागे जगून दाखवलं. वर्षाच्या सुरुवातीला पानिपत झालं, तेही तिने ऐकलं. माणसाला अमर म्हणायचं तर यापेक्षा जवळ जाणं अवघड आहे. पण तिच्याकडून आता कुणाला भीती राहिली नव्हती, आशाही राहिली नव्हती.

मातीने दिलेलं बळ मात्र मातीतच होतं.

1943, सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग

सतरा वर्षांची एक पोरगी. तिच्या घराला इंग्रज सरकारचं टाळं लागलं आहे, जमीन जप्त आहे, वडील भूमिगत आहेत. वडील म्हणजे येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील, पोरगी म्हणजे हौसाताई. तिच्यामागे गादी नाही, फौज नाही, किल्ला नाही.

भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर तुम्ही उभे आहात. एक माणूस आपल्या बायकोला रस्त्यात मारतो आहे. ती रडते, ओरडते, मदत मागते. पोलीस बाहेर येऊन भांडण सोडवायला लागतात. तेवढ्यात मागच्या बाजूने काही माणसं आत शिरतात आणि बंदुका घेऊन पसार होतात. ती बायको हौसाताई आणि नवरा तिचा सहकारी. म्हातारपणी ती तक्रार सांगायची, की त्याने मार अगदी खराखुरा दिला. हीच पोरगी पुढे गोव्याला जाऊन पकडलेल्या सहकाऱ्याच्या सुटकेसाठी खटपट करते आणि परतताना रात्री मांडवी नदी लाकडी पेटीच्या आधाराने पार करते.

7 जूनला शेणोलीजवळ तुफान सेनेच्या पोरांनी पगाराचे पैसे नेणारी गाडी लुटली. 24 जुलैला वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून पळाले आणि कृष्णेचं दुथडी पाणी आडवं आलं. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हुतात्मा झाले, दादांच्या खांद्यात गोळी घुसली. ही तुफान सेना ज्याची, त्या प्रतिसरकारचं, म्हणजे इंग्रजांना बाजूला सारून लोकांनी चालवलेल्या सरकारचं, केंद्र कुंडलला होतं. हे गाव इंग्रजी हद्दीतलं नव्हतं, औंध संस्थानातलं होतं आणि औंधचे राजे परशुराम त्रिंबकांचे वंशज. ताराराणीच्या प्रतिनिधीच्या घराण्याच्या मुलखात सुमारे दोनशे चाळीस वर्षांनी पुन्हा एक सरकार उघड्यावर, शेतात, डोंगरात चाललं.

तुम्ही निरोप घेऊन रात्री एका घरात शिरता. चूल, भाकरी, ठेचा. घरची बाई म्हणते, "दादा, आधी खाऊन घ्या. पोलीस खालच्या आळीला हाईत, तुम्ही उसातनं जावा." आणि तुमचं नाव विचारत नाही.

आज

1949 मध्ये साताऱ्याचा दक्षिण भाग तोडून दक्षिण सातारा जिल्हा झाला, 1960 मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. हौसाताई 23 सप्टेंबर 2021 ला, वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी वारल्या. ताराराणीची समाधी संगम माहुलीला नदीपात्राला लागून आहे.

राणीचं नाव पुस्तकात आहे, हौसाताईंच्या मुलाखती झाल्या. दार उघडणाऱ्या बायकांची नावं कुठेच नाहीत. 1700 मधल्यांची तर आता मिळायचीही नाहीत. 1943 मधल्यांची अजून मिळू शकतात: वाळवा, पलूस, तासगाव, कऱ्हाड, खटावच्या घरांत त्यांच्या सुना आणि नाती आहेत, त्यांनी ऐकलेल्या गोष्टी आहेत. तुमचं गाव या खोऱ्यातलं असेल तर या दिवाळीला घरी गेलात की आजीजवळ बसा, तिच्या सासूबद्दल विचारा आणि ती सांगेल ते नावगावासह लिहून काढा.