आभाळाची वजाबाकी

१९६४. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या होल्मडेलच्या टेकडीवर तुम्ही उभे आहात. समोर शिंगाच्या आकाराची अवाढव्य अँटेना आहे, आणि तिच्याशी झगडणारे आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन. मोजणीत सुमारे साडेतीन केल्व्हिन जास्त येतायत. अँटेना न्यूयॉर्क शहराकडे वळवा, ऋतू बदलू द्या, आत घर केलेली कबुतरं हुसकावून त्यांची घाण साफ करा. आकडा हटत नाही. पण या दोघांकडे द्रव हेलियमने थंड ठेवलेला एक संदर्भस्रोत आहे. त्याचं तापमान माहीत आहे. घटकाभर अँटेनाऐवजी तो जोडायचा आणि फरक पाहायचा. ही सोय नीट पाहून घ्या. पुढच्या मुक्कामी ती मिळणार नाही.

२०३८. ठरल्याप्रमाणे सगळं पार पडलं आहे असं धरू. पृथ्वीच्या मागे सुमारे पाच कोटी किलोमीटरवर, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या ‘लिसा’ मोहिमेची तीन यानं सूर्याभोवती फिरतायत. त्यांच्या त्रिकोणाची एकेक बाजू २५ लाख किलोमीटर, म्हणजे लेझरला ती ओलांडायला आठ सेकंदांहून जास्त वेळ लागतो. तुम्ही एका यानाच्या पोटात शिरता. सोनं आणि प्लॅटिनम यांच्या मिश्रधातूचा, जेमतेम ४६ मिलिमीटरचा ठोकळा कशालाही न टेकता तरंगतोय. गुरुत्वीय लहर गेली की दूरच्या यानातल्या ठोकळ्यापासूनचं त्याचं अंतर अणूच्या आकारापेक्षाही कमी बदलतं.

कान लावा. जत्रेत शिरल्यावर येतो तसा गलका येतोय: जवळचे आवाज ओळखू येतात, बाकी नुसता कल्लोळ. या आहेत आपल्या आकाशगंगेतल्या श्वेत बटू ताऱ्यांच्या कोट्यवधी जोड्या. एचएम कॅन्क्री ही जोडी तर साडेपाच मिनिटांच्या आत एकमेकांभोवती फेरी पुरी करते. अशा हजारो जोड्या एकेक करून ओळखायच्या आणि वजा करायच्या. उरलेला कल्लोळ मुख्यतः आकाशगंगेच्या पट्ट्यातून येतो. त्रिकोणाची दिशा वर्षभर बदलत राहते, म्हणून तो कल्लोळही ठरावीक लयीत चढतो-उतरतो. त्यावरून तोही बाजूला काढता येतो.

मग राहतो यंत्राचा स्वतःचा आवाज, आणि इथे होल्मडेलची सोय नाही. गुरुत्वीय लहरींना अडवणारा पडदा नसतो. पृथ्वीवरून गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगोसारखं दुसऱ्या ठिकाणच्या जोडीदाराशी ताडूनही पाहता येत नाही, कारण लिसा एकटीच आहे. म्हणून तिन्ही बाजूंच्या नोंदी अशा जुळवायच्या, की कमी कंप्रतेच्या लहरी जवळपास एकमेकींना खोडतील आणि मुख्यतः यंत्राचा आवाज शिल्लक राहील. ही युक्ती सगळा गोंगाट उघडा पाडत नाही. पण घरचा आवाज कोणता आणि बाहेरचा कोणता, याचा अंदाज तिच्या आधारे बांधायचा आहे.

एवढं करून काही उरलं, तर ते कुठून आलं? मागे चला, विश्वाच्या आरंभानंतर सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या आसपास. विद्युतचुंबकीय आणि दुर्बल बलं वेगळी होतायत. नव्या अवस्थेचे बुडबुडे उठून एकमेकांवर आदळत असतील, तर निघालेल्या लहरी विश्वाबरोबर ताणल्या जाऊन आज लिसाच्या टप्प्यात, मिलिहर्ट्झमध्ये येतील. पेन्झियस-विल्सन यांच्या मोजणीत जास्तीचे केल्व्हिन म्हणून उमटलेला विश्वाचा आदिम प्रकाश सुटायला अजून जवळपास ३,८०,००० वर्षं आहेत. त्याआधीचं प्रकाश दाखवू शकत नाही; लहरी सांगू शकतात. त्यांच्या आलेखाचं शिखर कोणत्या कंप्रतेला आहे, त्यावरून तेव्हाच्या तापमानाचा अंदाज येईल. उतारांवरून घडामोडीचा प्रकार.

मूलकणांचा आजचा प्रस्थापित सिद्धांत मात्र सांगतो, की ते स्थित्यंतर सावकाश, बुडबुड्यांविना झालं. म्हणजे हा आवाज सापडला, तर सिद्धांतात भर घालावी लागेल. नाही सापडला, तर बुडबुड्यांची भाकितं करणारे अनेक पर्याय बाद होतील. युरोपीय अवकाश संस्थेने २५ जानेवारी २०२४ रोजी लिसाला मंजुरी दिली. उड्डाण २०३५ मध्ये अपेक्षित आहे.