गाडीचा गळा

आमच्या गावात ट्रक आधी ऐकू यायचा आणि मग दिसायचा. गाव कृष्णाकाठचं, भोवती नुसता ऊस. त्यामुळं गाडी कुणाची हे ओळखायचं ते कानानं. सत्तरच्या दशकात गावात पाच-सहा मालट्रक होते आणि शेंबड्या पोरालाही प्रत्येकाचा आवाज पाठ होता. "लेलँड न्हवं ही, टाटा हाय. पण आपल्या गावची न्हाई," असं ओसरीवरची म्हातारी माणसं बसल्या जागी सांगत.

इंजिनाच्या आवाजाशी खेळण्याची खोड ट्रकच्याही आधीची. विहिरीवर ऑइल इंजिनं आली, तेव्हा त्यांच्या धुराच्या नळीवर पत्र्याचा डबा नाहीतर टोपण बसवायची पद्धत पडली. पाऊस आत जात नसे हा एक फायदा, पण खरी गंमत आवाजाची. संथ चालीचं एका सिलिंडरचं इंजिन मिनिटाला साडेसहाशे फेरे मारतं. दर दोन फेऱ्यांना एकदा धूर बाहेर पडतो, म्हणजे सेकंदाला पाच-सहा ठोके. ते सुटे सुटे ऐकू येतात. टोपण हललं की त्याचं 'पुक्-पुक्' व्हायचं. पिठाच्या गिरणीवाल्यांनी तर त्याची दवंडीच केली. ती पुकपुक ऐकू आली की बायका दळणाचे डबे डोक्यावर घेऊन निघायच्या. गिरणी चालू आहे हे सांगायला वेगळा माणूस लागत नसे.

मग ट्रक आले. प्रीमियरच्या फर्गो-डॉज, हिंदुस्थान मोटर्सच्या बेडफोर्ड, मद्रासकडच्या लेलँड, आणि १९५४ पासून जमशेदपूरच्या टाटा-मर्सिडीझ. १९६९ ला जर्मनांशी करार संपला, तोंडावरची चांदणी गेली आणि टाटाची 'टी' आली. जुने डायवर मात्र बरीच वर्षं 'मर्सडीस'च म्हणत. इकडं १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, त्याच्या पाठोपाठ आमच्या भागातही धुराडी उभी राहिली. ऊस वाहायला बैलगाड्या होत्याच, त्यात ट्रकची भर पडली. हंगामात ऊस, हंगाम सरला की गूळ नाहीतर साखर घेऊन लांबचा पल्ला. आमचे चुलते, तात्या, अशाच एका १२१० वर डायवर होते.

हंगाम संपल्यावर पावसाळ्यात काही गाड्या चार-चार महिने उभ्या राहत. डिझेलच्या धुरात गंधक आणि पाण्याची वाफ असते. गार नळीत त्याचं आंबट पाणी होतं आणि ते पत्रा आतून खातं. दिवाळीनंतर गाडी चालू केली की सायलेन्सर फुटलेला असायचा. नवा महाग, म्हणून मिस्त्रीकडं जायचं. कोल्हापुरात उद्यमनगर होतं, तालुक्याच्या गावी गॅस वेल्डिंगवाला होता. त्यानं सायलेन्सर कापून उघडला की डायवर हळूच म्हणायचा, "मिस्त्री, आतली जाळी काढूनच टाका की. गाडी बोलायला पायजे."

सायलेन्सर म्हणजे एक फुगीर डबा. त्याच्या आत भोकं पाडलेल्या नळ्या आणि आडवे पडदे असतात. इंजिनातून सुटलेला धक्का त्या डब्यात पसरतो, पडद्यांवर आपटून माघारी येतो, मागून येणाऱ्या धक्क्याशी भिडतो आणि बराचसा तिथंच जिरतो. पडदे काढले की तो धक्का तसाच उघड्यावर येतो. सहा सिलिंडरचं इंजिन दोन हजार फेऱ्यांवर असलं की असे सेकंदाला शंभर धक्के पडतात. सुटे ठोके कुठले ऐकू येणार? त्याचा एकच सूर होतो. नळी लांब ठेवली तर सूर खाली उतरतो, आखूड केली तर वर चढतो. पावा करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, तसं आमच्या मिस्त्रीलाही लागत नव्हतं. तो टीचभर नळी कापायचा, डायवरला अॅक्सिलेटर द्यायला सांगायचा, ऐकायचा आणि पुन्हा कापायचा. शेवटी डबा वरून जसाच्या तसा जोडून काळा रंग मारायचा. पासिंगच्या वेळी मात्र पडद्याचा खरा सायलेन्सर लागे. आमच्या गावात तिघांत मिळून असा एकच होता. ज्याची तारीख, त्यानं तो घेऊन जायचा.

"इंजिन मोकळा श्वास घेतंय, अॅव्हरेज वाढतंय," असं सगळे सांगत. त्यात तथ्य थोडंच. गंजानं तुंबलेला सायलेन्सर इंजिनाला कोंडतो, तो काढल्यावर गाडी हलकी वाटणारच. पण चांगल्या सायलेन्सरचे पडदे काढून साध्या डिझेल इंजिनाची ताकद म्हणण्यासारखी वाढत नाही. खरं कारण वेगळं होतं. गाडी मालकाची, माल व्यापाऱ्याचा, रस्ता सरकारचा. डायवरचं स्वतःचं असं त्यात काय? तर हा आवाज. तात्या आठ-आठ दिवस बाहेर असत. फोन नव्हता. रात्री ओढ्याच्या वळणावर त्यांच्या गाडीचा खर्ज उमटला की चुलती उठून चूल पेटवायची आणि आजी कूस बदलून झोपी जायची. माणूस सुखरूप आलं ही बातमी त्या नळीतून यायची.

पण जे आमच्या घरी अंगाईसारखं होतं, ते शेजारी बाळंतिणीच्या खोलीत दचकवणारं होतं. बीडकडच्या ऊसतोडकऱ्यांची बैलं तर या आवाजाला फार बुजत. भरल्या बैलगाडीजवळून ट्रक गुरकावत गेला आणि बैलं चरात उतरली, असं हंगामात एकदा तरी व्हायचंच. त्यावरून हातघाईही झाली. शेवटी गावकीनं ठरवलं, की बैलगाडी दिसली की ट्रकनं पाय काढून घ्यायचा.

आवाजाची खरी किंमत तात्यांनी मोजली. साठीच्या आत त्यांना ऐकू येईनासं झालं. डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं इंजिनाच्या गोंगाटात बसल्यामुळं. अशा बहिरेपणात उंच पट्टीचे आवाज आधी जातात. त्यामुळं लांबून येणाऱ्या ट्रकची घरघर त्यांना कळायची, पण नातवंडांचं बोलणं कळायचं नाही. नात समोर उभी राहून काही सांगायची, आणि ते नुसतं तिच्या ओठांकडं बघत हसायचे. सगळा दोष सायलेन्सरचा नव्हे, केबिनमध्ये शेजारीच इंजिन असायचं. पण पडदे असते तर थोडं तरी वाचलं असतं.

कायदा कागदावर होता. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० वा नियम सांगतो, की प्रत्येक वाहनाला, ट्रॅक्टरलासुद्धा, सायलेन्सर हवाच. आवाजाचा नियम मोडला तर पहिल्या खेपेला हजार रुपये दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तो दहा हजारांपर्यंत जाऊ शकतो, तुरुंगही होऊ शकतो. तरी मिस्त्रीचा धंदा दंडानं बसला नाही, तो इंजिन बदलल्यानं बसला. टर्बो आला. धुराच्या जोरावर फिरणारी त्याची चक्रीच धक्के बोथट करते, वर स्वतःची बारीक शिट्टी घालते. पुढं १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. त्यांच्या सायलेन्सरच्या जागी धूर गाळणारी, युरियाचं पाणी फवारणारी यंत्रणा असते आणि तिला सेन्सर असतात. तिथं छिन्नी लावली की दिवा पेटतो आणि गाडीचा जोर कमी होतो.

हौस काही मेली नाही. ती बुलेटवर गेली. शहरात पोलीस असले सायलेन्सर जप्त करून रोडरोलरखाली घालतात. ऊस आता बराचसा ट्रॅक्टरवर जातो आणि ट्रॅक्टरवर मोठमोठे स्पीकर असतात. पोरांना काय हवंय ते मला कळतं. आपण आलोय हे गावाला कळावं, एवढंच. पण घरच्यांना ते सांगायला आता फोन पुरतो. नव्या ट्रकवर बसणाऱ्यांचे कान शाबूत राहतील आणि त्यांच्या नातवंडांचं बोलणं त्यांना ऐकू येईल, हे मला त्या खर्जापेक्षा मोलाचं वाटतं.