जुन्या एमपीएफआय गाडीचा पिकअप मधूनच का जातो? पार्ट बदलण्याआधी हे तपासा

मोरव्याहून निघालात, राई-मुर्धा करत भाईंदर स्टेशनपर्यंत आलात, गाडी एकदम मस्त. काशिमीऱ्यापर्यंतही तक्रार नाही. मग घोडबंदर रोडने ठाण्याकडे वळलात आणि गायमुखच्या घाटात, मागे ट्रेलर असताना, गाडीने दम टाकला. ऍक्सिलरेटर तळापर्यंत दाबलाय, पण वेग चाळीसच्या वर जात नाही. कशीबशी बाजूला घेतली, पाच-दहा मिनिटं थांबलात, परत स्टार्ट केली तर काहीच झालं नाही अशी पळायला लागली. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये नेली तेव्हाही नॉर्मल. मेकॅनिक म्हणतो, "साहेब, स्कॅनरवर काही कोड नाही. प्लग बदलून बघू."

प्लग, मग कॉईल, मग सेन्सर, मग "इंजेक्टर क्लीनिंग" अशी बदलाबदली सुरू होते आणि पंधरा वर्षांच्या गाडीवर तिच्या निम्म्या किमतीइतका खर्च होतो. तरी घाटात गाडी पुन्हा थांबतेच. मधूनच येणारा फॉल्ट हा फॉल्ट चालू असतानाच मोजावा लागतो. गाडी बरी असताना केलेल्या तपासणीतून फारसं काही हाती लागत नाही. म्हणून या लेखात पार्टची यादी कमी आणि लक्ष कुठे ठेवायचं हे जास्त आहे.

आधी एक गोष्ट नक्की करा: दोष इंजिनाचाच आहे का? ऍक्सिलरेटर दिल्यावर इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी पुढे सरकत नसेल, तर क्लच प्लेट घसरतेय. थोडं चालवून एखाद्या चाकाची रिम इतरांपेक्षा जास्त तापली असेल, तर ब्रेक धरून राहतोय. आठशे-हजार सीसीच्या गाडीत चार माणसं आणि एसी असेल तर चढावर ती थोडी मंद होणारच, तो फॉल्ट नाही. आवाजच चढत नाही, इंजिन गुदमरल्यासारखं वाटतं, तेव्हा पुढे वाचा.

स्कॅनरला काही दिसत नाही, म्हणजे काय?

मुंबई परिसरात २००१ च्या सुमारास बीएस-२ नियम आले आणि पेट्रोल गाड्यांतून कार्ब्युरेटर मागे पडत जाऊन एमपीएफआय आलं. या गाडीत ईसीयू नावाचा छोटा कॉम्प्युटर इंजिनात किती हवा जातेय याचा अंदाज घेतो आणि त्या हिशेबाने प्रत्येक इंजेक्टर काही मिलिसेकंद उघडतो. यात मेख अशी की इंजेक्टरच्या मागे पेट्रोलचं प्रेशर बरोबर आहे, हे ईसीयू गृहीत धरून चालतो. त्या काळातल्या साध्या गाड्यांत पेट्रोलचं प्रेशर मोजणारा सेन्सरच नसतो. त्यामुळे टाकीतला पंप दमला तरी ईसीयूला थेट कळत नाही आणि बऱ्याचदा कोडही पडत नाही. एक्झॉस्ट चोक झाला किंवा अर्थिंग ढिलं पडलं तरी तसंच होऊ शकतं. "कोड नाही" याचा अर्थ "ईसीयूच्या नजरेच्या टप्प्यात काही नाही" इतकाच.

शिवाय सगळ्या जुन्या गाड्यांना हल्लीचं स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर चालतही नाही. ओबीडी सक्तीचं होत गेलं ते २०१० नंतर, बीएस-४ सोबत. त्याआधीच्या अनेक गाड्यांना कंपनीचा स्वतःचा सॉकेट असतो आणि त्यासाठी वेगळं मशीन लागतं. ते असलेलं गॅरेज आधीच शोधून ठेवा.

गाडी किती वेळात सावरते, तिथून सुरुवात करा

खिशातला मोबाईल घ्या आणि पुढच्या वेळी गाडी दमली की नोंद करा: इंजिन थंड होतं की गरम, टाकीत पेट्रोल किती, एसी चालू होता का, पाऊस होता का, आणि मुख्य म्हणजे बंद करून किती वेळाने गाडी ठीक झाली. माझ्या मते हा शेवटचा आकडा सगळ्यात कामाचा आहे.

दोन-पाच मिनिटांत सावरत असेल तर टाकीत बघा. पंपाच्या तोंडाशी एक जाळीदार पिशवी असते. टाकीच्या तळाशी गंज आणि गाळ साचलेला असेल तर पंप चालू असताना तो ओढला जाऊन जाळीला चिकटतो आणि पेट्रोल अडतं. पंप बंद झाला की गाळ सुटून खाली बसतो. म्हणून स्टार्ट केल्यावर गाडी पुन्हा पळते आणि काही किलोमीटरवर पुन्हा तेच. ही तक्रार हळू चालवताना जाणवत नाही, कारण तेव्हा पेट्रोल थोडंच लागतं. मोरवा ते भाईंदर गाडी ठीक आणि घाटात अडचण, यामागचं हे अगदी नेहमीचं कारण.

सावरायला वीस-तीस मिनिटं लागत असतील, म्हणजे बॉनेट उघडून इंजिन निवल्यावरच गाडी ठीक होत असेल, तर उष्णतेने बिघडणाऱ्या इलेक्ट्रिकल पार्टवर संशय घ्या. इग्निशन कॉईलच्या आतली तार तापून प्रसरण पावते आणि आतल्या आत जोड सुटतो किंवा इन्सुलेशन दगा देतं. क्रँक सेन्सरचंही तसंच, पण तो गेला की गाडी सहसा मंद होत नाही, सरळ बंद पडते. कॉईलचा दोष असेल तर झटके जाणवतात, एक सिलिंडर मार खातोय हे आवाजावरून कळतं. पेट्रोल कमी पडत असेल तर गाडी झटक्यांपेक्षा गुदमरल्यासारखी वागते. हा फरक शंभर टक्के पक्का नाही, पण दहापैकी बऱ्याच वेळा उपयोगी पडतो.

फॉल्ट फक्त थंड इंजिनावर असेल तर कूलंट टेंपरेचर सेन्सर तपासा. अशा सेन्सरचा रेझिस्टन्स साधारण २० अंशाला दोन-अडीच किलो-ओहम आणि ८० अंशाला तीनशे ओहमच्या आसपास असतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल.

सीएनजीवाल्यांकडे फुकटचं टेस्टर आहे

आपल्याकडे बऱ्याच जुन्या गाड्यांना सीएनजी किट आहे. फॉल्ट आला की सुरक्षित जागी, गर्दी नसताना, स्विच मारून दुसऱ्या इंधनावर घ्या. फक्त पेट्रोलवर गाडी दमते आणि गॅसवर ठीक चालते, तर प्लग, कॉईल, एअर फिल्टर, सायलेन्सर हे सगळे निर्दोष सुटले. दोष पंप, फिल्टर, इंजेक्टर यांच्यात. दोन्हीवर सारखीच दमते, तर उलट: पेट्रोलचा पंप सोडा आणि स्पार्क, हवा, एक्झॉस्ट बघा. फक्त गॅसवर दमते तर गॅसचा फिल्टर आणि रिड्युसर आधी बघा, मग प्लग, कारण सीएनजी पेटवायला स्पार्कला जास्त जोर लागतो आणि अर्धवट झिजलेला प्लग पेट्रोलवर निभावून नेतो, गॅसवर उघडा पडतो. एका स्विचमध्ये अर्ध्या गाडीवरचा संशय जातो.

याच गाड्यांची एक वाईट सवयही सांगायला हवी. गॅसवर चालवायची म्हणून पेट्रोल कायम रिझर्व्हला ठेवतात. टाकीतला पंप पेट्रोलमध्येच बुडून थंड राहतो. काही किटमध्ये गाडी गॅसवर असतानाही पंप फिरत राहतो, आणि तोही कोरडा. असा पंप आधी फक्त गरम झाल्यावर दमतो, मग एक दिवस कायमचा बसतो. पाव टाकी पेट्रोल ठेवा.

पंप मोजायचा कसा

पेट्रोल लाईनला गेज लावून प्रेशर बघणं हे मेकॅनिकचं काम आहे. घरी करू नका. लाईनमध्ये प्रेशर असतं, जोड उघडला की तापलेल्या इंजिनावर पेट्रोल उडू शकतं. तुम्ही फक्त योग्य ते मागायचं. बहुतेक अशा गाड्यांत प्रेशर अडीच ते साडेतीन बारच्या दरम्यान असतं, पण ते गाडी जागेवर उभी असताना बघून समाधान मानू नका. गेज काचेच्या बाहेरच्या बाजूला दिसेल असं बांधून (केबिनमध्ये कधीच नाही) गाडी लोडवर चालवायची. दाबल्यावर काटा खाली येत असेल तर चोर सापडला.

गेज नसेल आणि स्कॅनर लाईव्ह डेटा दाखवत असेल, तर ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज बघा. नेहमीच्या चालण्यात ते ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये वर-खाली होत असतं. ऍक्सिलरेटर पूर्ण दाबला की ईसीयू मुद्दाम पेट्रोल वाढवतो, म्हणून ते ०.८-०.९ च्या आसपास टिकायला हवं. त्याच क्षणी ते ०.१-०.२ वर आपटत असेल तर इंजिनाला पेट्रोल पुरत नाहीये. रीडिंग शेजारी बसलेल्या माणसाने बघायचं, चालवणाऱ्याने नाही.

ई२० बद्दल विचारणा होतेच, म्हणून थोडक्यात. शुद्ध पेट्रोलला हवा-इंधन प्रमाण १४.७ लागतं, ई२० ला सुमारे १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला जास्त इंधन. ऑक्सिजन सेन्सर ठणठणीत असलेली गाडी यातलं बरंच जुळवून घेते, पण आधीच दमलेल्या पंपाला हा जास्तीचा भार झेपत नाही. इथेनॉल पाणीही ओढून घेतं आणि टाकीतला जुना थर सोडवून फिल्टरकडे पाठवू शकतं. "ई२० आल्यापासून गाडी बिघडली" असं वाटणाऱ्यांनी आधी फिल्टर आणि पंपाची जाळी काढून बघावी.

खारा वारा आणि अर्थिंग

मोरवा, राई, मुर्धा या पट्ट्यात एका बाजूला खाडी आणि मिठागरं, दुसऱ्या बाजूला उत्तनचा समुद्र. इथे गाडी उघड्यावर उभी राहते तेव्हा तिच्या जोडांवर मिठाचा ओलावा बसतो. तांब्याचा लग, लोखंडी बॉडी आणि मधे खारं पाणी मिळून एक छोटी बॅटरीच तयार होते आणि जोड आतून खाल्ला जातो. वरून वायर ठीक दिसते, लग काढला की हिरवी पूड. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढली असेल तर टाकीवरच्या पंपाच्या कनेक्टरमध्येही हेच होतं.

हा दोष मल्टिमीटरच्या "बीप"वर सापडत नाही, आणि इथेच बरेच जण फसतात. बीप टेस्टमध्ये वायरमधून नगण्य करंट जातो. दहापैकी एक तार शिल्लक असली तरी बीप वाजते. पण पंप पाच अँपिअर ओढत असेल आणि जोडाचा रेझिस्टन्स फक्त ०.३ ओहम असेल, तरी तिथे दीड व्होल्ट खर्च होतात. बारा-तेराऐवजी साडेअकरावर चालणारा पंप उभ्या गाडीत पुरतो, घाटात नाही.

मोजायचं असं: मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर. इंजिन चालू, हेडलाईट, एसी, मागची काच गरम करणारं बटण, सगळं चालू. ०.२ व्होल्टच्या वर आकडा दिसला तर जोड साफ करायला झाला. तसंच बॅटरी निगेटिव्ह ते बॉडी. पंपाच्या कनेक्टरवरचं मोजमाप इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, तिथे पेट्रोलची वाफ असते. फॉल्ट गरम गाडीतच येत असेल तर मोजमापही गरम गाडीतच.

लग काढून पॉलिश पेपरने चकचकीत करायचे, घट्ट आवळायचे आणि वरून पेट्रोलियम जेली लावायची. बॅटरीचं निगेटिव्ह आधी काढायचं, शेवटी लावायचं. खर्च जवळजवळ शून्य. समुद्राजवळच्या गाडीला मी प्लगच्या आधी हेच करेन. बॉनेटखाली पंपाच्या रिलेसारखाच दुसरा रिले असेल (बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा असतो) तर नंबर जुळवून अदलाबदल करून बघा, हीसुद्धा बिनपैशाची टेस्ट.

हवा आणि एक्झॉस्ट

एअर फिल्टर उजेडासमोर धरून बघणं सगळ्यांना माहीत आहे. कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे एमएपी सेन्सरचा बारीक रबरी पाईप. तो चिरला किंवा गरम होऊन सैल पडला की ईसीयूचा हवेचा अंदाज चुकतो. आपण समुद्रसपाटीला आहोत, त्यामुळे चावी ऑन आणि इंजिन बंद असताना स्कॅनरवर १०० किलोपास्कलच्या जवळपास आकडा हवा. गरम इंजिन आयडलिंगला असताना तो साधारण ३० ते ४५.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आतून वितळून चोक झाला असेल तर गाडी जितकी जास्त चालेल तितकी मंद होत जाते. आतला तुकडा सुटा झाला असेल तर तो कधी वाट अडवतो, कधी नाही, आणि फॉल्ट मधूनच येणारा वाटतो. थंड असताना मुठीने ठोकून बघा, खुळखुळ आवाज आला तर संशय पक्का. मात्र कन्व्हर्टर स्वतःहून सहसा मरत नाही. आधी बराच काळ मिसिंग चालू राहिलं, न जळलेलं पेट्रोल आत जाऊन जळलं, म्हणून तो वितळतो. मिसिंगचं कारण न शोधता नवा बसवला तर तोही जाईल.

जुनी एमएच-०४ पाटी पंधरा वर्षांनंतर रिन्यू करायची की गाडी भंगारात द्यायची, हा निर्णय बरेच जण अशा फॉल्टला कंटाळून घेतात. रिन्यूअलच्या फीपेक्षा वर सांगितलेल्या पहिल्या चार तपासण्या स्वस्त आहेत, त्या आधी करून घ्या.

दुरुस्ती झाल्यावर गॅरेजच्या गल्लीत एक फेरी मारून पैसे देऊ नका. ज्या अवस्थेत फॉल्ट येत होता तीच पुन्हा उभी करा: तेवढंच पेट्रोल, एसी चालू, तेवढीच माणसं, इंजिन पूर्ण गरम, आणि गायमुखचा घाट. रविवारी सकाळी लवकर जा, तेव्हा ट्रेलर कमी असतात.