न दिसलेला पक्षी ओळखायचा कसा?



विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी विचारलं, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचा पाखरांशी काय संबंध? संबंध आहे. आम्ही जन्मभर वर्गात एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारत आलो: आपल्याला एखादी गोष्ट कळली, हे कशावरून म्हणायचं? डोळ्यांनी दिसलं तर ठीक. पण रात्र आहे, समोर काळोख आहे आणि कानावर फक्त एक हाक येते आहे, तेव्हा काय करायचं?

आपल्या भागात रात्रीचे आवाज काही कमी नाहीत. टिटवी आहे, पिंगळा आहे, रातवा आहे. माळावर करवानक ओरडतो. पडक्या वाड्यात गव्हाणी घुबड असं किंचाळतं की नवख्या माणसाला घाम फुटावा. दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेली माणसं रात्री उघड्यावर उतरतात, त्यांना हे सगळे आवाज ओळखीचे असतात. पहाटे कंदील घेऊन दारी येणारा पिंगळा जोशी तर पाखराच्या बोलीवरून भविष्य सांगतो. म्हणजे रात्रीची हाक ऐकून त्यातून काही अर्थ काढणं आपल्याला नवं नाही. त्या अर्थाची परीक्षा कशी करायची, एवढंच आज बघायचं आहे. त्यासाठी इतिहासातली एक खरी हकीकत घेऊ.

१८४८ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयात काम करणाऱ्या एडवर्ड ब्लाइथनं एका पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पक्षी मिळवला होता मद्रास सैन्यातले डॉक्टर थॉमस जेर्डन यांनी, पूर्व घाटातून. टिटवीहून थोडा लहान, मोठ्या डोळ्यांचा, छातीवर दोन आडवे पट्टे असलेला. याला म्हणायचं जेर्डनचा धाविक. आपल्या मोकळ्या माळावर तुरुतुरु पळणारा जो साधा धाविक आहे, त्याचा हा भाऊबंद. पुढे डब्ल्यू. टी. ब्लँफर्ड या भूगर्भशास्त्रज्ञानं त्याची नोंद गोदावरीच्या खोऱ्यात केली, भद्राचलमकडे आणि सिरोंचाला. सिरोंचा म्हणजे आजच्या गडचिरोली जिल्ह्याचं दक्षिण टोक. इथं राक्षसभुवनावरून जी गोदावरी वाहत जाते, तीच पुढे सिरोंचाजवळ प्राणहितेला भेटते. तेव्हा हा पक्षी आपल्याला अगदीच परका नाही, नदीच्या नात्यानं शेजारी आहे.

१९०० साली अनंतपूरजवळ त्याची एक नोंद झाली आणि मग तो नाहीसा झाला. किती वर्षं? शहाऐंशी! बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. त्या हैदराबाद संस्थानाच्या पक्ष्यांची पाहणी १९३१-३२ मध्ये खुद्द सालिम अलींनी केली. त्यांनाही तो मिळाला नाही. पुढेही शोध झाले. हळूहळू लोक म्हणू लागले, संपला असावा.

तो संपला नव्हता. शोधणारे चुकीच्या वेळी शोधत होते. त्यांचा तर्क सरळ होता: साधा धाविक दिवसा हिंडतो, हा त्याचा भाऊबंद, म्हणून हाही दिवसा हिंडत असणार. आमच्या न्यायशास्त्रात याला सादृश्यावरून केलेलं अनुमान म्हणतात आणि शहाण्या माणसाला तेच दगा देतं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे भारत भूषण यांनी १९८५-८६ मध्ये वेगळा रस्ता धरला. त्यांनी चित्रं घेऊन कडप्पा जिल्ह्यातल्या गावोगावच्या शिकाऱ्यांना, पाखरं धरणाऱ्यांना विचारायला सुरुवात केली. त्या लोकांकडे या पक्ष्याला नाव होतं, कलिवि कोडी. कलिवि म्हणजे करवंदीच्या जातीचं झुडूप आणि कोडी म्हणजे कोंबडी. लक्षात घ्या, शास्त्रज्ञांच्या लेखी जो पक्षी मेला होता, त्याचं नाव लोकांच्या तोंडात जिवंत होतं! जानेवारी १९८६ मध्ये रेड्डीपल्ली गावाजवळ ऐतन्ना नावाच्या स्थानिक शिकाऱ्यानं रात्री बॅटरीच्या उजेडात तो जिवंत धरला. धरलेला पक्षी फार दिवस जगला नाही, हे दुःख आहेच. पण तो निशाचर आहे, उघड्या माळावर नाही तर विरळ काटेरी झुडपात राहतो, या दोन गोष्टी पक्क्या झाल्या.

आता पुढचा प्रश्न. असा पक्षी मोजायचा कसा? रात्री बॅटरी घेऊन काट्याकुट्यात किती हिंडणार? २००० नंतर पी. जगन्नाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन उपाय केले. एक, रानात बारीक मातीचे पट्टे अंथरायचे आणि सकाळी त्यावर उमटलेले ठसे वाचायचे. आपल्याकडचे जुने माग काढणारे हेच करायचे, यात नवल नाही. दुसरा उपाय आवाजाचा. अंधार पडला की हा पक्षी थोडाच वेळ हाका देतो. दोन तुटक स्वर, पुन्हा पुन्हा, 'ट्विक-टू, ट्विक-टू' असे. त्या हाका प्रथमच नीट ध्वनिमुद्रित झाल्या आणि त्याची माहिती २००४ साली प्रसिद्ध झाली. मग तीच हाक यंत्रावर वाजवायची, उत्तर येतं का ते ऐकायचं, वेळ आणि जागा लिहून ठेवायची.

इथे कुणी शंका काढील, की हाकेवर विश्वास कसा ठेवायचा? दुसऱ्या कुठल्या पक्ष्याची नसेल कशावरून? शंका रास्त आहे. म्हणून पहिल्यांदा हाक आणि पक्षी यांची गाठ घालावी लागते, हाक देणारा कोण हे पक्कं करावं लागतं. धूर आणि अग्नी एकत्र पाहिल्याशिवाय धुरावरून अग्नीचं अनुमान होत नाही, तसंच हे. एकदा ती व्याप्ती पक्की झाली की मग काळोखातली हाकही पुरेशी होते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये हेच घडलं. दशकाहून अधिक काळ या पक्ष्याचा पक्का पुरावा नव्हता. तो पुन्हा मिळाला आंध्रातच, आणि मिळाला ध्वनिमुद्रित आवाजाच्या रूपानं.

उलट बाजूचंही एक उदाहरण देतो, तेही आपल्या महाराष्ट्रातलं. रानपिंगळा हे एक लहान घुबड. १८७३ साली ह्यूम यांनी त्याचं वर्णन केलं. खानदेशात जेम्स डेव्हिडसन यांनी त्याचे नमुने मिळवले. १८८४ नंतर खरा नमुना नाही. मधल्या काळातला १९१४ चा म्हणून जो एक नमुना होता, तो मायनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं संग्रहालयातून चोरून, खोटी चिठ्ठी बांधून आपल्या नावावर खपवला होता. पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी उघडी पाडली आणि जुन्या खऱ्या नोंदींच्या मागानं जाऊन २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ सहकाऱ्यांसह रानपिंगळा पाहिला. कधी? सकाळी, चांगल्या उजेडात! घुबड म्हटलं की रात्र, हेही सादृश्याचंच अनुमान. आणि हा पठ्ठ्या दिवसा वावरणारा निघाला. पुढे त्याच्या हाका नोंदल्या गेल्या आणि त्या ओळखीवर मेळघाट, यावल अशा ठिकाणी तो सापडत गेला. धाविकाला दिवसाचा मानलं तो रात्रीचा निघाला, घुबडाला रात्रीचं मानलं ते दिवसाचं. पुस्तकातलं नातं आणि रानातलं जगणं यांत अंतर असतं ते असं.

आता मुद्द्यावर येतो. संस्कृतात 'शब्द' याचे दोन अर्थ आहेत. तर्कसंग्रहात शब्दाचे दोन प्रकार सांगितले आहेत: ध्वनिरूप आणि वर्णरूप. भेरीचा आवाज हा ध्वनी आणि माणसाची भाषा म्हणजे वर्ण. आणि शब्द म्हणजेच प्रमाणही, विश्वासू माणसाचं सांगणं, आप्तवाक्य. या हकीकतीत दोन्ही शब्द आले. पाखराचा शब्द आला आणि ऐतन्नाचाही आला. आप्त कोण, तर ज्याला विषय प्रत्यक्ष ठाऊक आहे आणि जो तसाच सांगतो तो. वात्स्यायनानं न्यायभाष्यात स्पष्ट केलं आहे, की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ, सगळ्यांना सारखंच लागू आहे. दीड हजार वर्षांपूर्वी शास्त्रानं मान्य केलेली ही गोष्ट आपल्या व्यवहारात मात्र उतरली नाही. पाखराच्या नावात जेर्डन राहिला. ज्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या ओळखलं, त्यांची शहाऐंशी वर्षं कुणी साक्ष काढली नाही. आपल्याकडे पारध्यांचं, मेंढपाळांचं, ऊसतोड्यांचं ज्ञान आपण याच हिशोबात ठेवतो. त्यांना चोर म्हणायला आपण पुढे, विचारायला मागे.

आणि यात नुसत्या मानापमानाचा प्रश्न नाही. कडप्पात तेलुगू गंगा प्रकल्पाचा कालवा खोदत खोदत त्या झुडपी रानापर्यंत पोचला होता. कालव्याचं मोल आपल्याला कुणी सांगायला नको. जायकवाडीच्या उजव्या कालव्याचं पाणी आपल्या तालुक्यानं पाहिलं आहे. पाणी हवंच. पण पक्षी नेमका कुठे आहे याच्या नोंदी तिथं हाताशी होत्या, म्हणून कालव्याचा मार्ग बदलता आला. पाणीही गेलं आणि रानही राहिलं. नोंदी नसत्या तर ते रान सरकारी कागदावर 'पडीक' होतं, बस्स. आपलेही माळ कागदावर पडीकच आहेत. तिथं रात्री कोण बोलतं, याची नोंद कुणाच्या दप्तरी आहे?

तेव्हा आमची तरुण मंडळींना एवढीच विनंती, की खिशातल्या मोबाइलवर आवाज टिपता येतो, तो टिपा. तारीख, वेळ, जागा लिहा. आणि मग शेजारच्या म्हाताऱ्या मेंढपाळाला ऐकवून विचारा, बाबा, हे काय बोलतंय? तो सांगेल ते नाव जसंच्या तसं लिहून घ्या, शास्त्रीय नाव नंतर शोधा. टिटवी ओरडली म्हणून कुणी मरत नाही. पण तिचं ओरडणं एक दिवस थांबलं, तर ते कळायला आधी ती ओरडत होती हे कुणीतरी लिहिलेलं असावं लागतं.

 आता प्रश्न असतील तर जरूर विचारा.